फास्ट लीडसाठी पिक कसं ठरलं: सतारीवरून गिटारकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

तक्रार

पंचविशीतली एक विद्यार्थिनी, मूळची मिरजेची, नोकरीमुळे पुण्यात. शाळेत असल्यापासून सतार शिकलेली. कॉलेजात इलेक्ट्रिक गिटार हातात आली आणि ती तिकडेच रमली. आता ऑफिसातल्या मित्रमंडळींच्या बँडमध्ये लीड, म्हणजे मुख्य सुरावट आणि सोलो, वाजवते. बँडच्या स्वतःच्या एका गाण्यात तिने काफी थाटाच्या स्वरांत सोलो बसवला होता. गिटारवाले या स्वरावलीला डोरियन म्हणतात. गाण्याची लय १३२ बीपीएम (मिनिटाला १३२ मात्रा) आणि सोलोचा शेवटचा तुकडा सलग सिक्स्टीन्थमध्ये, म्हणजे मात्रेला चार स्वर. हिशेब केला तर सेकंदाला जवळजवळ नऊ स्वर, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ११४ मिलिसेकंद.

११२ पर्यंत तिचं वाजवणं स्वच्छ होतं. त्यापुढे तार बदलताना स्वर गळायचे, पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) बोटांत फिरायचं आणि बी आणि पातळ ई या तारांवर आवाज बारीक, किनरा यायचा. तिच्याकडे गिटारच्या बॅगेसोबत मिळालेलं सेल्युलॉइडचं ०.४६ मि.मी.चं पातळ पिक होतं. व्हिडिओंमध्ये सगळे वेगवान गिटारिस्ट छोटं, जाड पिक वापरताना दिसतात म्हणून तिने डनलॉप कंपनीचं लाल नायलॉन जॅझ थ्री घेतलं. ते १.३८ मि.मी. जाडीचं, टोकदार आणि नेहमीच्या पिकपेक्षा आकाराने बरंच लहान असतं. काही दिवस त्यावर रियाज केला आणि परत पातळ पिकवर आली. क्लासमध्ये तिने सांगितलं ते असं: "सर, आधी स्वर गळत होते, आता पिक तारेत अडकतं. नेमकं कुठलं पिक घेऊ?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेकांना उत्तरात जाडीचा एक आकडा हवा असतो. फास्ट लीडसाठी जाड पिक घ्या, या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो सल्ला अर्ध्यावर थांबतो. साधारण एक मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर जाडीपेक्षा टोकाचा आकार, कडेचा गुळगुळीतपणा आणि बोटांबाहेर किती टोक राहतं या गोष्टी जास्त ठरवतात. पिक तारेतून चटकन सुटलं पाहिजे, आणि सहाही तारांवर दर वेळी सारखंच सुटलं पाहिजे. या विद्यार्थिनीच्या बाबतीत हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं की ते प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

स्लो मोशनमध्ये काय दिसलं

पिक बदलण्याआधी आहे त्या पिकचं चित्रीकरण केलं. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो आणि या कामाला तो पुरतो. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. १३२ च्या लयीत एका सिक्स्टीन्थला सत्तावीसेक फ्रेम मिळतात. फोन ब्रिजच्या (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीच्या) बाजूने, तारांच्या पातळीला लावला, म्हणजे टोक तारांच्या किती खाली जातं ते दिसतं. समोरून घेतलेल्या व्हिडिओत हे कळत नाही.

पातळ पिकचं दृश्य असं होतं. टोक तारेला टेकतं, तार जागची हलत नाही, आधी पिकच वाकतं. वाकून वाकून ते मागे राहतं, हात पुढे निघून गेलेला असतो, मग ते एकदम सुटतं आणि सुटल्यावर थरथरतं. पातळ ई तारेवर हे दोन-तीन फ्रेममध्ये उरकायचं. जाड, गुंडाळलेल्या ए आणि डी तारांवर त्याला पाच-सहा फ्रेम लागायच्या. म्हणजे हात ठरल्या वेळी आघात करत होता, पण स्वर प्रत्येक तारेवर वेगळ्या उशिराने जन्माला येत होता. उशीर सगळीकडे सारखा असता तर तिच्या कानाने तो केव्हाच पचवला असता, कारण सतारीमुळे तिचं लयीचं भान पक्कं आहे. तारेतारेला बदलणारा उशीर मात्र कुणालाच सांभाळता येत नाही. स्ट्रमिंगमध्ये, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडताना, हीच लवचीकता वरदान ठरते, पिक सहा तारांवरून सरसर जातं आणि आवाज मऊ येतो. एकेरी स्वरांच्या वेगात ती आड येते.

इथे थोडं गणित सांगायला हवं. एकाच मटेरियलची पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.५० ऐवजी १.०० मि.मी. घेतलं तर कडकपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. ०.४६ वरून १.३८ म्हणजे जाडी तिप्पट, आणि मटेरियल तेच राहिलं तर कडकपणा २७ पट. तिच्या बाबतीत मटेरियलही बदललं होतं, त्यामुळे नेमका हाच आकडा लागू नाही, पण उडी या जातीची होती. दुकानात ०.६०, ०.७३, ०.८८ असे आकडे शेजारी-शेजारी पाहून फरक किरकोळ वाटतो. ०.६० वरून ०.८८ वर गेलात तरी कडकपणा तिपटीहून जास्त झालेला असतो.

आता जॅझ थ्रीचं चित्रीकरण. इथे पिक वाकत नव्हतं, तार लगेच हलत होती, दोन फ्रेममध्ये काम संपत होतं. पण टोक तारांच्या पातळीखाली जवळजवळ चार मिलिमीटर जात होतं. पातळ पिकवर इतकं खोल गेलं तरी ते वाकून स्वतःची सुटका करून घेतं, त्यामुळे खोली किती आहे याची जाणीवच होत नाही. कडक पिक वाकत नाही, ते तारेला अडून बसतं. अडलं की बोटं आपोआप आवळतात, आवळली की मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटाने १२० च्या वर जाणं फार अवघड. तिला जे "अडकतं" असं जाणवत होतं ते हे होतं. जॅझ थ्री तिच्यासाठी चुकीचं आहे असा निष्कर्ष यातून निघत नव्हता. पातळ पिकने वर्षानुवर्षं झाकलेली सवय कडक पिकने उघडी केली होती. पातळवरून जाडवर गेलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या काही दिवसांत आधीपेक्षा वाईट वाजवतो आणि पुष्कळ जण याच टप्प्यावर पिक कपाटात टाकतात. हे आधीच सांगितलं गेलं तर अनेकांचा वेळ वाचेल.

दा आणि रा

याच व्हिडिओत दुसरी एक गोष्ट दिसली, आणि या प्रकरणाचं वेगळेपण त्यात आहे.

तिच्या सोलोचा शेवटचा तुकडा प्रत्येक तारेवर तीन स्वर अशा मांडणीत होता. ऑल्टरनेट पिकिंगमध्ये पहिली तार खाली-वर-खाली, दुसरी वर-खाली-वर, तिसरी पुन्हा खाली-वर-खाली अशी जाते. म्हणजे तार बदलण्याआधीचा आघात एकदा खालचा, एकदा वरचा, असा आलटून पालटून येतो. तिचे गळणारे स्वर मोजले तर ते एक सोडून एक ठिकाणी होते. खालच्या आघातानंतर तार बदलणं स्वच्छ, वरच्या आघातानंतर गडबड.

कारण सतारीत सापडलं. सतारीत तर्जनीत घातलेली नखी आत, तळहाताकडे ओढली की "दा" आणि बाहेर मारली की "रा". जोराचा बोल दा, सम दा वर. वर्षानुवर्षं आतल्या आघाताला वजन देण्याची सवय लागलेला हात गिटारवर आला की वरचा आघात त्याचा आवडता होतो. तिच्या वरच्या आघातात इतका जोर होता की पिक वर जाताना थोडं आत, दोन तारांच्या मध्ये रुतत होतं. खालचा आघात मात्र तारांच्या पातळीतून अलगद बाहेर पडत होता. खालच्या आघातानंतर हात मोकळा हवेत असायचा आणि कुठल्याही तारेवर जाऊ शकायचा. वरच्या आघातानंतर पिक तारांच्या जंगलात असायचं आणि पुढच्या तारेवर जायला त्याला मधली तार ओलांडावी लागायची. ब्रिजपाशी दोन तारांमध्ये साधारण दहा-साडेदहा मिलिमीटर जागा असते. ती पुरेशी वाटते, पण सेकंदाला नऊ स्वर वाजवताना टोक चार मिलिमीटर खोल असेल तर पुरत नाही.

गिटारवर जन्मलेल्या विद्यार्थ्यांत हेच उलट दिसतं, त्यांचा खालचा आघात रुततो आणि वरचा सुटतो. दोन्हीपैकी कुठलंही वाईट नाही. नावाजलेले वेगवान गिटारिस्ट दोन्ही प्रकारचे आहेत. पण आपला कुठला आघात रुततो हे माहीत नसताना पिक निवडणं म्हणजे अंधारात हात घालणं.

मिरजेत वाढलेल्या मुलीला हे समजावताना फार शब्द लागले नाहीत. जिथे सतारी आणि तंबोरे घडवण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालतो, ज्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, त्या गावात नखी आपल्या बोटाला बसवून, तिचं टोक हवं तसं वाकवून घेणं ही रोजची बाब आहे. "नखी जशी बोटाप्रमाणे करून घेतो, तसंच ना सर?" असं तिने स्वतःच विचारलं. एक फरक मात्र मोठा आहे. नखी बोटात घट्ट बसते, तिला धरावं लागत नाही. पिक धरावं लागतं, आणि किती धरायचं हे वाजवता वाजवता सतत ठरवावं लागतं. तिच्या हाताला वेगाची भीती नव्हती, दिरदिर, म्हणजे जलद दा-रा, वाजवणारा हात होता तो. त्याला धरण्याची सवय नव्हती.

फास्ट वाजवायला कडक पिक लागतं, हेही आपल्याकडे नवीन नाही. सरोदिये नारळाच्या करवंटीचा जवा वापरतात. तो चांगला जाड असतो, अजिबात वाकत नाही, आणि त्याची कड घासून घासून गुळगुळीत केलेली असते. सरोदचा झाला ऐकलेल्या माणसाला, कडक पिकने वेग येतो का, असा प्रश्न पडू नये.

चाचणी

त्यानंतर पिक्सची तुलना केली. नियम साधे ठेवले. एकच गिटार, १० ते ४६ चा तारांचा सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), ॲम्पवर डिस्टॉर्शन बंद. डिस्टॉर्शन आघातातले चढउतार दाबून सपाट करतं, त्यामुळे त्यात सगळी पिक्स चांगली वाटतात. तोच तुकडा आधी १०० वर, मग १२० वर. प्रत्येक रेकॉर्डिंगला फक्त एक अक्षर दिलं आणि दुसऱ्या दिवशी तिने ते ऐकून मत लिहिलं. कुठलं अक्षर कुठल्या पिकचं ते तिला माहीत नव्हतं. हातात असताना पिकबद्दलचं मत पिकच्या किमतीवर, रंगावर आणि कोण मोठा गिटारिस्ट ते वापरतो यावर ठरतं. कानाला यातलं काही दिसत नाही.

टेबलावर तिची दोन जुनी पिक्स होती, शिवाय डनलॉपच्या टॉर्टेक्स या मटेरियलची पिवळं ०.७३, निळं १.०० आणि जांभळं १.१४, टॉर्टेक्स शार्पमधलं १.१४, अल्टेक्स या दुसऱ्या मटेरियलचं जॅझ थ्री, नायलॉनचं जॅझ थ्री एक्सएल आणि ॲक्रिलिकचं तीन मिलिमीटरचं एक जाडजूड पिक.

०.४६ आणि ०.७३ मधला फरक सगळ्यात मोठा निघाला. ०.७३ वर जाताच जाड तारांवरचा उशीर पुष्कळ कमी झाला आणि आवाजात अंग आलं. ०.७३ ते १.०० हा फरकही ऐकू येत होता. १.०० आणि १.१४ मात्र तिला वेगळे ओळखता आले नाहीत, मलाही नाही. जाडीची गोष्ट इथपर्यंतच.

यातली सगळ्यात उपयोगी तुलना होती टॉर्टेक्सच्या दोन १.१४ ची. मटेरियल तेच, जाडी तीच, आकारही तोच, फरक फक्त टोकात. साध्या पिकचं टोक गोलसर, शार्पचं टोक निमुळतं. १२० वर गोल टोकाने वरच्या आघातानंतरची तार बदलताना अजूनही अधूनमधून स्वर गळत होता. निमुळत्या टोकाने गळती जवळजवळ थांबली. कारण असं की निमुळत्या टोकाचा तारेखाली जाणारा भाग अरुंद असतो, त्यामुळे तार त्याच्यावरून लवकर घसरून सुटते. जॅझ थ्रीचं कौतुक लोक १.३८ या आकड्यावरून करतात. माझ्या मते त्यातलं बरंचसं श्रेय टोकाला जायला हवं. शार्पचा तोटाही त्याच रेकॉर्डिंगमध्ये होता, पातळ तारांवर आवाज पुन्हा थोडा किनरा झाला. शिवाय टॉर्टेक्सचं बारीक टोक रोजच्या रियाजात लवकर बोथट होतं.

अल्टेक्स सगळ्यात स्पष्ट आणि चमकदार ऐकू आलं. स्वच्छ आवाजात ते छान होतं, पण नंतर ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, तारांचा आवाज उचलणारा भाग) आणि डिस्टॉर्शन लावल्यावर प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला चिवचिव यायला लागली. ज्याचा ॲम्प मऊ आणि अंधारा आहे त्याने अल्टेक्स जरूर घ्यावं. तिचा ॲम्प मुळातच तीक्ष्ण होता. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकने आवाज सगळ्यात गोल आणि भरदार दिला. जिप्सी जॅझवाले इतकी जाड पिक्स आनंदाने वापरतात, पण ते ॲकूस्टिक गिटारमधून मोठा आवाज काढत असतात. हिच्या हातात ते बोजड झालं. नायलॉनच्या दोन्ही जॅझ थ्रीचा आवाज अल्टेक्सपेक्षा मऊ आणि शार्पपेक्षा भरलेला होता. तिने न बघता दोघांनाही वरच्या क्रमांकावर ठेवलं. त्यातलं एक तिने आधी नाकारलेलं लाल पिक होतं.

मटेरियलबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण विद्यार्थी नेहमी विचारतात. जुन्या काळी उत्तम पिक कासवाच्या, नेमकं सांगायचं तर हॉक्सबिल कासवाच्या कवचाचं मानलं जायचं. कडक, गुळगुळीत आणि तारेवर न खरखरणारं. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रिया यांनी १९२२ पासून सेल्युलॉइडची पिक्स बनवायला सुरुवात केली आणि कवचाला स्वस्त पर्याय मिळाला. ही कासवं संपत चालली तेव्हा, १९७० च्या दशकात, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील करारानुसार त्यांच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, आणि तो बंद झाला हे फार चांगलं झालं. १९८१ मध्ये डनलॉपने टॉर्टेक्स आणलं तेही कवचासारखा स्पर्श आणि आवाज देण्यासाठीच. आज कुणी "असली कवचाचं" पिक देऊ करत असेल तर घेऊ नये. भारतात हॉक्सबिल कासव कायद्याने संरक्षित आहे, आणि आवाजासाठी त्याची गरजही उरलेली नाही.

पकड आणि घाम

आता निवड दोन पिक्सवर आली होती, छोटं जॅझ थ्री आणि त्याचंच मोठ्या अंगाचं एक्सएल. जाडी, मटेरियल आणि टोक दोघांचं एकच. ऐकून फरक कळत नव्हता, तो फक्त हातात होता.

सतारीच्या सवयीने ती पिक तर्जनीच्या पेराच्या गादीवर ठेवून अंगठ्याने दाबायची. तर्जनी थोडी वळवून तिच्या बाजूवर पिक ठेवलं आणि वरून अंगठा आला तर पकड जास्त स्थिर राहते आणि कमी जोर लागतो. ते मी तिला शिकवलं, आणि शांत लयीत ते जमूही लागलं. पण वेग वाढला की बोट जुन्या जागी परत जायचं. शरीराने इतकी वर्षं जपलेली गोष्ट महिन्याभरात बदलत नाही, आणि गाणं तर ठरलेल्या तारखेला वाजवायचं होतं. गादीवर धरलं की छोटं पिक बोटांखाली जवळजवळ पूर्ण झाकलं जातं. थोडं सरकलं की टोकच उरत नाही किंवा ते तिरकं होतं. एक्सएलमध्ये धरायला जागा असल्यामुळे सरकलं तरी सावरायला वाव मिळत होता.

शिवाय ते दिवस पावसाळ्याचे होते. दमट हवेत बोटांना घाम येतो, आणि चकचकीत सेल्युलॉइड घामात साबणासारखं निसटतं. टॉर्टेक्सचा पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा कोरडा असतो, त्याला दमट हवेत खरी किंमत येते. जॅझ थ्रीवर उठावाची अक्षरं आहेत, त्यांना अंगठा धरून राहतो, आणि मोठ्या अंगामुळे घर्षणाला जागाही जास्त मिळते. कोकणात, मुंबईत, गोव्यात स्टेजवर वाजवणाऱ्याने पिक एसीच्या खोलीत निवडू नये. दहा मिनिटं पंख्याशिवाय वाजवून मग ठरवावं.

नावाजलेल्यांची उदाहरणं मी तिला मुद्दाम या टप्प्यावर दिली, आधी नाही. एरिक जॉन्सन जॅझ थ्री वापरतो, जॉन पेट्रुचीच्या नावाचं जॅझ थ्री १.५ मि.मी.चं आहे, यंग्वी माल्मस्टीनही १.५ च्या आसपास. पण कार्लोस सांताना मोठं तिकोनी पिक वापरतो आणि ब्रायन मे चक्क सहा पेन्सचं नाणं, ज्याची कड दातेरी असते. आधी सांगितलं असतं तर तिने यातला आपला आवडता माणूस निवडून त्याचं पिक घेतलं असतं. आता तिच्याकडे स्वतःच्या हाताचा पुरावा होता.

कड

एक्सएल ठरलं, पण पाकिटातून काढलं तसंच वापरलं नाही. नायलॉनची पिक्स साच्यात ओतून बनतात आणि कडेला सांध्याची एक बारीक रेघ राहते. डोळ्यांना दिसत नाही, नखाने चाचपलं की लागते. गुंडाळलेल्या तारांवर ही रेघ कानाला खरखर म्हणून ऐकू येते. मी पॉलिश पेपरचा १००० नंबरचा तुकडा काचेवर ठेवून पिकची कड हलक्या हाताने, पिक थोडं तिरकं धरून फिरवली, मग २००० नंबरवर, शेवटी जाड जीन्सच्या कापडावर घासली. टोकाचा आकार बदलू द्यायचा नाही, फक्त रेघ काढायची आणि जी कड आधी तारेला लागते तिला किंचित उतार द्यायचा. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचं जुनं पिक पाहिलं तर ते नेमकं या बाजूने झिजलेलं सापडतं, म्हणजे उतार कुठे हवा ते पिक स्वतःच दाखवतं. पाच-दहा मिनिटांचं काम, पण डी आणि ए तारांवरचा फरक तिला पहिल्याच स्वराला जाणवला.

पिक तारेला किती तिरकं लावायचं तेही याच वेळी पक्कं केलं. अगदी सपाट लावलं तर आघात जोरकस पण अडथळा जास्त. फार तिरकं केलं तर अडथळा जातो, पण स्वर पुसट होतो आणि जाड तारा खरवडल्या जातात. तिच्या हाताला मधला कोन, सुमारे वीस-पंचवीस अंशांचा, मानवला. बोटांबाहेर राहणारं टोक तीनएक मिलिमीटरवर आणलं. खोली कमी झाली तशी पकड आपोआप सैल झाली. ते मला सांगावं लागलं नाही.

गाणं बसलं तेव्हा

लय एकदम १३२ वर नेली नाही. सहाच स्वरांचा तुकडा घेऊन तो तिने सतारीच्या रियाजासारखा बसवला, बरोबरीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत. तबल्याच्या ॲपवर तीनताल लावून. मेट्रोनोमपेक्षा ठेका तिला जास्त जवळचा, तर तोच वापरावा, यात मला काही कमीपणा वाटत नाही. कडक पिकमुळे आता स्वर हात सांगेल तेव्हाच निघत होता, आणि तिच्या लयीच्या तयारीचा फायदा पहिल्यांदा गिटारवर दिसू लागला. १२० सहज झालं, पुढे १२६ पर्यंत पिकच्या आणि खोलीच्या बदलानेच पोहोचली.

तिथून १३२ पर्यंत पिकने नेलं नाही, मांडणीने नेलं. वरच्या आघातानंतर तार बदलण्याच्या दोन जागा अजून कच्च्या होत्या. तिथे प्रत्येकी एक स्वर पिकने न वाजवता हॅमर-ऑनने, म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून, घेतला, म्हणजे तार बदलण्याआधीचा आघात खालचा झाला, जो तिचा मुळातच सुटा होता. ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही. काही शिक्षकांना हा आडमार्ग वाटतो. मला वाटत नाही. सोलो गाण्यासाठी असतो, आणि कार्यक्रमाला थोडेच दिवस उरले असताना हाताचा स्वभाव ओळखून तुकडा बांधणं हे कौशल्यच आहे. वरच्या आघातातून बाहेर पडण्याचा वेगळा रियाज तिने कार्यक्रमानंतर सुरू केला, आणि तो चालू आहे.

कार्यक्रमात सोलो गेला. शेवटचा तुकडा सगळा वाजला. एका स्वराला जोर कमी पडला, तो डाव्या हाताचा होता, पिकचा नाही.

एक अडचण मात्र शिल्लक राहिली. त्याच कार्यक्रमात एक ॲकूस्टिक गाणं होतं, १२ ते ५३ च्या तारांवर सलग स्ट्रमिंग. एक्सएलने ते खडखडत वाजलं, तारांवर पिक आपटल्यासारखं. तालमीत तिने पकड सैल करून, टोक आणखी आत घेऊन पाहिलं, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. त्या गाण्याला आता ती पिवळं ०.७३ वापरते. माईकच्या स्टँडला पिक होल्डर लावलाय, दोन गाण्यांमध्ये पिक बदलते. एकाच पिकने सगळं वाजवायचा हट्ट मी कुणालाही धरू देत नाही. सतारवाला आणि सरोदवाला एकच नखी वापरत नाहीत.

एक्सएलचं टोक बोथट झालं की तिने त्याच जातीचं नवीन घ्यायचं आणि वापरण्याआधी कड घासायची, एवढं ठरलंय. मध्यंतरी तिने दोन मिलिमीटरचं पिक घेऊ का म्हणून विचारलं होतं. सध्या नको म्हटलं. वरच्या आघाताचा रियाज अर्ध्यात असताना पिक बदललं तर सुधारणा हाताची की पिकची ते कळणार नाही.